विश्लेषण : पडद्यावरची पहिली तारामती साकारली पुरुषाने, मग पहिली स्त्री आली कशी? दुर्गाबाई आणि कमलाबाईंची गोष्ट

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत रात्री नमन बघायला उभे राहा. मृदंगाचा ठेका लागतो, संकासुर येऊन धुमाकूळ घालून जातो आणि मग गौळणी येतात. नऊवारी साडी, केसांत गजरा, हातभर बांगड्या. लांबून बघणाऱ्याला क्षणभर फसायला होतं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच सांगतं, अरे, हा तर आपल्या वरच्या वाडीतला, दिवसा रिक्षा चालवतो.

नमनात गौळण पुरुषानेच करायची, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. खाली सिंधुदुर्गात दशावतारातही तेच. आता महिलांची नमन मंडळंही उभी राहिली आहेत, त्यांच्या प्रयोगांना गर्दीही होते. पण ही गोष्ट अजूनही 'बातमी' वाटते, यातच बरंच काही आलं.

शंभर वर्षांपूर्वी हे फक्त कोकणातल्या लोककलेपुरतं नव्हतं. अख्खी मराठी संगीत रंगभूमी अशी चालायची. आपल्या देशातला सिनेमाही तसाच सुरू झाला. त्या पडद्यावर खरीखुरी स्त्री पहिल्यांदा आली ती 1913 साली, दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये. एक नाही, दोन आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे एका ओळीचं उत्तर असतं. त्या ओळीमागे काय होतं, ते पाहू.

फाळक्यांना अभिनेत्री का मिळेना?

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. त्याआधीची धडपड बहुतेकांना परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे (2009) माहीत आहे. येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहून फाळक्यांनी घेतलेला ध्यास, विमा पॉलिसी गहाण टाकून उभे केलेले पैसे, 1912 ची लंडनवारी, तिथून आणलेला विल्यमसन कॅमेरा आणि रोपाची वाढ टिपून केलेला छोटा नमुना चित्रपट. हे सगळं जमलं. अडलं कुठे? तर तारामतीपाशी.

फाळक्यांनी जाहिराती दिल्या, पण हव्या तशा बायका आल्या नाहीत. शेवटी ते मुंबईतल्या वेश्यावस्तीत गेले आणि तिथूनही नकार घेऊन परतले, असं सांगितलं जातं. ही आठवण बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. पण जरा थांबून विचार केला तर ती गंमत राहत नाही. ज्या बायकांना समाजाने आधीच सर्वांत खालची पायरी दिली होती, त्यांनाही कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्याखालचं वाटत होतं.

नटांचीही गत फार वेगळी नव्हती. सिनेमात काम करतो असं सांगितलं तर घरचे आणि शेजारचे काय म्हणतील, म्हणून फाळके आपल्या माणसांना 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायला लावत. मोकाशींच्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं आहे.

मग तारामती सापडली ती ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत. तिथे काम करणारा अण्णा साळुंके हा शेलाट्या बांध्याचा, नाजूक हातांचा तरुण. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका अशी पाच रुपयांच्या फरकावर ठरली. हेच साळुंके पुढे 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम झाले आणि सीताही. एकाच चित्रपटात दोन्ही! रामाचे दंड सीतेलाही आले, पण प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं. चित्रपट तुफान चालला.

मग रंगभूमीवर तरी बायका होत्या का?

होत्याही आणि नव्हत्याही.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका मुलगे आणि पुरुषच करत आले. बायकांना अभिनय जमत नव्हता म्हणून हे घडलं नाही. तमाशाच्या फडात बायका होत्या, बैठकीची लावणी त्यांच्याच गळ्यात होती, कोकण-गोव्याच्या देवळांत गाणारी-नाचणारी घराणी होती. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या फक्त बायकांच्या नाटक कंपन्याही पुढे निघाल्या. पण या सगळ्या बायकांकडे 'नाचणाऱ्या' म्हणून बघितलं जाई. 'घरंदाज' म्हणवणाऱ्या घरातली बाई चार लोकांसमोर तोंडाला रंग लावून उभी राहिली, की तिचं घर तिला बंद होत असे.

त्यामुळे एक विचित्र व्यवस्था तयार झाली. स्त्रीने कसं दिसावं, चालावं, लाजावं, याचा आदर्शसुद्धा पुरुषच घालून देत होता. बालगंधर्वांची साडी नेसायची पद्धत आणि दागिने पाहून प्रतिष्ठित घरांतल्या बायका त्यांचं अनुकरण करत, हे सर्वश्रुत आहे. त्यांची गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तेही 1913 साली. म्हणजे ज्या वर्षी रंगभूमीवरचा सर्वांत मोठा 'स्त्री पार्टी' नट स्वतःची कंपनी काढतो, त्याच वर्षी पडद्यावर पहिली खरी स्त्री येते.

आता थोडा तांत्रिक मुद्दा. इंजिनीअरिंग केलेल्याला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा आवाज. वयात आला, आवाज फुटला, की कारकीर्द धोक्यात. पण तेव्हाचा सिनेमा मुका होता. 'राजा हरिश्चंद्र' साधारण 3700 फुटांचा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी, असा तेव्हाचा वेग धरला तर एक फूट म्हणजे एक सेकंद. हिशेब तासाभराचा होतो. हँडल हाताने फिरवत असल्याने थोडं मागेपुढे. या तासाभरात तारामतीला एक शब्दही बोलायचा नव्हता, गायचं नव्हतं.

म्हणजे पुरुषांना स्त्रीभूमिका करत राहायला सिनेमा हे नाटकापेक्षा सोपं माध्यम होतं. आवाजाची अडचण तर संपलीच होती. तंत्राच्या बाजूने पाहिलं तर बाईची गरज कमी झाली होती. तरीही फाळके दुसऱ्याच चित्रपटात खऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचले. हे तंत्राने घडवलेलं नव्हतं. कुणीतरी 'हो' म्हटलं म्हणून ते घडलं.

कोण होत्या दुर्गाबाई कामत?

'हो' म्हणणारी ही बाई ब्राह्मण घरातली होती. नवरा आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. 1900 साली मुलगी झाली, कमला. आणि 1903 च्या सुमारास दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या.

आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. तेव्हा त्याचा अर्थ काय होता, ते बघा. हिंदू विवाह कायदा आला 1955 साली. मुंबई प्रांतापुरता हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला तोही 1947 मध्ये. म्हणजे 1903 च्या ब्राह्मण बाईसाठी कायद्याने घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. महर्षी कर्व्यांचं काम सुरू झालं होतं, पण ते मुख्यतः विधवांसाठी. दुर्गाबाई विधवा नव्हत्या. सवाष्णही म्हणता येणार नाही. समाजाच्या कुठल्याच रकान्यात त्यांची नोंद बसत नव्हती आणि पदरात तीन वर्षांची पोर होती.

अशा बाईसमोर पर्याय काय? कुणाच्या तरी घरी स्वयंपाक-धुणीभांडी, एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर आयुष्यभर मिंधं राहणं, नाहीतर शरीरविक्रय. दुर्गाबाईंनी चौथा रस्ता धरला. मुलीला घेऊन त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या.

फिरती कंपनी म्हणजे बैलगाड्या, आगगाडी, ट्रंका, आज या गावात कनात तर महिन्याने त्या गावात. शाळा नाही. कमलाचं जे काही शिक्षण झालं ते आईकडून आणि विंगेत उभं राहून. वयाच्या चौथ्या वर्षी तिने रंगमंचावर पाऊल ठेवलं. दुर्गाबाईंना जातीने वाळीत टाकलं ते याच टप्प्यावर, सिनेमा यायच्या कितीतरी आधी.

मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. 'पहिल्या अभिनेत्री' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी बंडखोर, कलेसाठी घर सोडून निघालेली नायिका येते. दुर्गाबाईंचं आधी घर सुटलं होतं, मग कला आली. फाळक्यांनी विचारलं तेव्हा गमवावं असं त्यांच्याकडे फारसं उरलंच नव्हतं. ज्या प्रतिष्ठेच्या भीतीने बाकीच्या बायका नाही म्हणत होत्या, ती प्रतिष्ठा समाजाने त्यांच्याकडून दहा वर्षांपूर्वीच काढून घेतली होती. त्यांना पोट भरायचं होतं. दोन पोटं.

पहिली नक्की कोण, आई की मुलगी?

हा वाद इंटरनेटवर नेहमी दिसतो. कुठे दुर्गाबाईंचं नाव, कुठे कमलाबाईंचं. उत्तर साधं आहे. चित्रपट एकच, भूमिका दोन. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमला मोहिनी. म्हणून दुर्गाबाईंना पहिल्या अभिनेत्री म्हणतात आणि कमलाबाईंना पहिली नायिका किंवा पहिली बाल अभिनेत्री.

त्यातली मोहिनीची निवड तर फारच बोलकी आहे. कथा आपल्याला माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर मिळालेला भस्मासुर वर देणाऱ्या शंकराच्याच मागे लागतो. तेव्हा विष्णू मोहिनीचं रूप घेतो आणि नाचता नाचता त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो. म्हणजे मोहिनी हे मुळात स्त्रीरूप घेतलेलं पुरुषपात्र. साळुंकेंना ही भूमिका दिली असती तर कथेला धरूनच झालं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. आणि नेमक्या याच भूमिकेत खरी मुलगी आली.

फाळके तोवर मुंबई सोडून नाशिकला गेले होते. दिवे नव्हते, सगळं चित्रण सूर्यप्रकाशात. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक तर करायच्याच, शिवाय फिल्म धुणं आणि भोकं पाडणं ही अंधाऱ्या खोलीतली कामंही त्यांनी शिकून घेतली होती. पडद्यावर बाई नव्हती तेव्हाही पडद्यामागे एक बाई होती, हे इथे नोंदवायला हवं.

त्याच वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं?

1913 मध्येच न्यूयॉर्क परिसरात एका चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. त्यातला मुख्य नट बर्ट विल्यम्स. बहामा बेटांवरच्या नासाऊत 1874 साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय विनोदवीर तेव्हा ब्रॉडवेवरचा मोठा तारा होता. 'झिगफेल्ड फॉलीज' या गाजलेल्या शोमध्ये गोऱ्या कलाकारांच्या बरोबरीने काम करणारा.

अमेरिकन रंगभूमीवरची तेव्हाची रीत आपल्या स्त्री पार्टीची आठवण करून देणारी होती. कृष्णवर्णीय पात्र असेल तर गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासायचं. जळलेल्या बुचाची काजळी त्यासाठी वापरत. या प्रकाराला 'ब्लॅकफेस' म्हणतात. स्त्रीची नक्कल पुरुषाने करायची तसं इथे काळ्या माणसाची नक्कल गोऱ्याने. त्याहून कडू गोष्ट अशी, की खुद्द बर्ट विल्यम्सलाही रंगमंचावर जाताना स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर आणखी काळा रंग लावावा लागे. कारण प्रेक्षकांना खरा माणूस नको होता, नक्कल हवी होती.

1913 चा तो चित्रपट मात्र वेगळा होता. जवळपास सगळे कलाकार कृष्णवर्णीय, प्रेमकथा, सहल, नाच. त्यात काळा रंग एकट्या विल्यम्सने लावला होता, बाकी सगळे आपल्या चेहऱ्याने वावरत होते. पण चित्रपट पूर्णच झाला नाही, प्रदर्शितही झाला नाही. रिळं धूळ खात पडली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती जुळवून 'लाइम किल्न क्लब फील्ड डे' या नावाने 2014 मध्ये लोकांसमोर आणली. मध्ये शंभर वर्षं गेली होती.

तिथे पुढे हॅटी मॅकडॅनियल हिला 1940 मध्ये 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं. पुरस्कार हातात आणि पंगत वेगळी. पंगतीचं गणित आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

तुलना फार ताणू नये. गुलामगिरीचा इतिहास आणि आपल्याकडची सोवळ्याओवळ्याची चौकट एक नाही. पण पडद्यावर कोणी दिसायचं आणि कोणाची फक्त नक्कल दिसायची, हे ठरवणारं डोकं दोन्हीकडे सारखंच चालत होतं.

पुढे कमलाबाईंचं काय झालं?

'मोहिनी भस्मासुर'नंतर सिनेमाची दारं बायकांसाठी उघडली, असं लिहायला छान वाटेल. तसं झालं नाही. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये सीता पुन्हा साळुंकेच होते. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने काम केलं, पण भूमिका बाळकृष्णाची. वीसच्या दशकात मूकपटांत ज्या अभिनेत्री आल्या, त्यांत अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींची संख्या मोठी होती. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स 'सुलोचना' हे हिंदू नाव घेऊन त्या काळातल्या सर्वांत मोठ्या तारका झाल्या.

कमला परत नाटकाकडे गेली. चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या रघुनाथराव गोखले यांच्याशी तिचं लग्न झालं. रघुनाथरावांनी स्वतः आधी स्त्रीभूमिका केल्या होत्या. म्हणजे एका घरात एक पुरुष जो रंगमंचावर स्त्री झाला होता आणि एक स्त्री जिने ती जागा घेतली. पुढे कमलाबाईंनी रंगमंचावर पुरुषांच्या भूमिकाही केल्या, तेव्हा हे वर्तुळ पुरतं उलटं फिरलं.

मग आईचा इतिहास मुलीच्या वाट्याला आला. पंचविशीच्या आसपास असताना कमलाबाई विधवा झाल्या. दोन मुलं हाताशी, तिसरं पोटात. दुर्गाबाईंनी एका मुलीला घेऊन जे केलं तेच कमलाबाईंनी तीन मुलांना घेऊन केलं. त्या काम करत राहिल्या. नाटकं केली, बोलपट आल्यावर त्यांतही उतरल्या. तीसेक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. अरुणा राजे आणि विकास देसाई यांच्या 1980 च्या 'गहराई'मध्येही त्या होत्या. म्हणजे हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यापासून रंगीत भयपटापर्यंत एकाच बाईची कारकीर्द. जगात असं उदाहरण शोधायला वेळ लागेल.

मुलं? लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले. चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीचे आणि चित्रपटांचे आधारस्तंभ. आपल्या कमाईतून जखमी जवानांसाठी ते नियमित पैसे देत. त्यांचे चिरंजीव म्हणजे विक्रम गोखले. 'अनुमती'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये ते गेले तेव्हा आपण बातम्यांत 'अभिनयाचा वारसा' असे शब्द वापरले, आमच्याही डेस्कवरून गेले. तो वारसा जिच्यापासून सुरू झाला तिला जातीने वाळीत टाकलं होतं, हे त्या बातमीत लिहायला जागा नव्हती.

मग चित्र बदललं कधी?

मोठा फरक पडला तो 1932-33 च्या सुमारास आणि यातल्या एका धाग्याचं टोक आपल्या जिल्ह्यात आहे.

1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती साळुंकेंनी केली होती, ती आता दुर्गा खोटे यांनी केली. सुखवस्तू, शिकलेल्या घरातली मुलगी. त्याआधी एका चित्रपटात छोटं काम केलं म्हणून त्यांच्यावर केवढी झोड उठली होती, ते त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. त्यांच्यामागेही कारण तेच, घराची आर्थिक पडझड आणि दोन लहान मुलं. 'घरंदाज बाईने सिनेमाचा दर्जा वाढवला' असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं. या वाक्यात दुर्गाबाई कामतांवर न कळत अन्याय होतो.

पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि त्यात स्त्रीभूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या स्त्रियांनीच केल्या. मराठी नाटकाच्या इतिहासात हा दिवस वळणाचा मानतात. या नाटकाचे दिग्दर्शक आणि नट होते केशवराव दाते, राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याचे. महाकालीच्या दर्शनाला आडिवऱ्याला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे. हेच दाते 1937 च्या 'कुंकू'मध्ये तरुण मुलीशी लग्न करणारे म्हातारे काकासाहेब झाले. समोर शांता आपटे, 'हे लग्न मला मान्य नाही' असं ठणकावणारी नीरा. मुक्या मोहिनीपासून या नीरेपर्यंत अंतर 24 वर्षांचं.

जात मधे आली की काय होतं?

दुर्गाबाईंची गोष्ट सांगताना दक्षिणेतली दुसरी एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. मल्याळममधला पहिला चित्रपट मानला जाणारा 'विगतकुमारन्', दिग्दर्शक जे. सी. डॅनियल. त्याची नायिका पी. के. रोझी ही दलित मजूर घरातली मुलगी. भूमिका होती उच्चजातीय नायर स्त्रीची. एवढ्यावरून तिरुवनंतपुरममध्ये सवर्ण प्रेक्षक खवळले, दगडफेक झाली, तिचं घर जाळलं गेलं असं सांगितलं जातं. तिला गाव सोडून पळावं लागलं आणि पुढचं आयुष्य तिने ओळख लपवून काढलं. 2023 च्या फेब्रुवारीत गूगलने तिचं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

ब्राह्मण बाई पडद्यावर आली तर तिला वाळीत टाकलं, दलित मुलगी आली तर तिला गावातून हाकललं. दोघींनाही शिक्षा झाली, पण शिक्षेच्या प्रमाणातही जात पाळली गेली. दुर्गाबाईंची मुलगी पुढे काम करू शकली, नातू-पणतू नामवंत झाले. रोझीचा चेहरा म्हणून जो एक धूसर फोटो फिरतो, त्यापलीकडे हाताला काही लागत नाही.

आज काय पाहायला मिळतं?

यूट्यूबवर 'राजा हरिश्चंद्र' शोधलं तर काही मिनिटांचे तुकडे सापडतील. ही रिळं 1913 ची की फाळक्यांनी नंतर पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यात तारामती आणि तिच्या सख्या पाण्यात खेळतानाचं दृश्य आहे. ओल्या साड्यांतले सगळे पुरुष.

'मोहिनी भस्मासुर' तसा पूर्ण रूपात पाहता येत नाही. साडीतला पुरुष टिकला, पहिली स्त्री जिच्यात होती ती रिळं काळाच्या ओघात गेली.

कमलाबाई भेटतात त्या रीना मोहन यांच्या माहितीपटात. नाव 'कमलाबाई'च. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, पाऊण तासाचा. पुण्यातल्या घरात एकट्या राहणाऱ्या, नव्वदीकडे झुकलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजी. थकलेल्या, पण जुन्या भूमिका निघाल्या की हात आपोआप हवेत जातात, मान वळते आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वाक्यं एकही शब्द न अडखळता बाहेर पडतात. त्यांतली काही पुरुषांची आहेत.